वॉर्निंगवरच निघा: वणव्याच्या वाटेतलं घर, भारतातून आलेले आई-बाबा, मुलं आणि मांजर

कॅलिफोर्नियात वणवा जवळ आला की घर सोडण्याच्या सूचना दोन पायऱ्यांनी येतात. ‘इव्हॅक्युएशन वॉर्निंग’ म्हणजे जिवाला धोका होऊ शकतो, निघायच्या तयारीत राहा. ‘इव्हॅक्युएशन ऑर्डर’ म्हणजे धोका दारात आलाय, आत्ता निघा, हा भाग कायद्याने बंद झालाय. वॉर्निंगच्या व्याख्येतच पुढे असंही म्हटलेलं असतं की ज्यांना निघायला जास्त वेळ लागतो आणि ज्यांच्याकडे पाळीव प्राणी आहेत, त्यांनी लगेच निघावं. हे पुढचं वाक्य फारसं कोणी वाचत नाही.

उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा, शाळेत गेलेली मुलं, पलंगाखाली दडणारं मांजर आणि दूरच्या ऑफिसात अडकलेले नवरा-बायको, असं ज्यांचं घर आहे त्यांच्यासाठीच ते वाक्य आहे. अशा घराने ऑर्डरची वाट बघायची नाही. निघण्याची वेळ घरातल्या सगळ्यात सावकाश जिवावरून ठरवायची, गाडी चालवणाऱ्याच्या चपळाईवरून नाही.

७ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी लॉस एंजेलिसजवळ अल्टाडीनाच्या वर ईटन आग लागली. लेक ॲव्हेन्यूच्या पूर्वेकडच्या वस्तीला त्याच संध्याकाळी सूचना गेल्या. पश्चिमेकडच्या वस्तीला ऑर्डर मिळाली ती पहाटे तीन वाजून गेल्यावर. त्या आगीत गेलेले जवळजवळ सगळे लोक पश्चिमेकडचे होते, आणि त्यांत वयस्कर, चालायला त्रास असलेले पुष्कळ होते. २०१८ च्या नोव्हेंबरात पॅराडाइज गावात कॅम्प फायरने ८५ जीव घेतले, त्यांतले बहुतेक पासष्टी ओलांडलेले. सूचना उशिरा येऊ शकते. धूर दिसतोय, वारा आपल्या दिशेने आहे आणि मन म्हणतंय ‘जरा बघू’, तर फोन वाजायची वाट न बघता निघा.

‘आपण कुठे जंगलात राहतो?’

हा प्रश्न मी मराठी घरांत इतक्यांदा ऐकलाय की उत्तर आधीच देऊन टाकतो. २०१७ च्या ऑक्टोबरात टब्ज फायर सहा पदरी हायवे १०१ ओलांडून सांता रोझाच्या कॉफी पार्कमध्ये शिरली. सपाट जमीन, एकाला एक लागून घरं, पुढे हिरवळ, अगदी आपण घेतो तसली वस्ती. २००७ मध्ये सॅन डिएगोच्या रँचो बर्नार्डोतली घरं जळली. २०२० च्या ऑक्टोबरात सिल्व्हराडो फायरमुळे अर्व्हाइन आणि आसपासच्या सुमारे ९०,००० लोकांना घर सोडावं लागलं. ठिणग्या वाऱ्यावर मैल-मैलभर जातात आणि छताच्या झडपेतून, पन्हाळीतल्या सुक्या पानांवरून घरात शिरतात. आग पसरवणारे कोरडे वारे दोन्हीकडे आहेत: उत्तरेत शरद ऋतूतले डायब्लो वारे, दक्षिणेत थंडीतही वाहणारे सांता अ‍ॅना वारे. त्यामुळे ‘सीझन संपला’ असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

आधी आपला झोन आणि फोन

एका शनिवारी तासभर काढा. जेनॅसिस प्रोटेक्ट या वेबसाइटच्या नकाशावर आपला पत्ता टाका, झोनचा क्रमांक मिळेल. सूचना या क्रमांकावरच निघतात, गल्लीच्या नावावर नाही. तुमची काउंटी वेगळी पद्धत वापरत असेल तर तिच्या वेबसाइटवर असाच नकाशा असतो. क्रमांक फ्रिजवर लावा आणि फोनमध्ये ठेवा. मग काउंटीच्या इशाऱ्यांसाठी नाव नोंदवा: सांता क्लारात अलर्ट एससीसी, अलामीडात एसी अलर्ट, ऑरेंज काउंटीत अलर्ट ओसी. नोंदणी आपोआप होते हा समज चुकीचा आहे. वॉच ड्यूटी हे ना-नफा तत्त्वावर चालणारं ॲपही घ्या, कारण आग कुठे पोचली हे त्यावर अनेकदा सरकारी इशाऱ्याच्या आधी कळतं.

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीत चुकून सगळ्यांनाच घर सोडण्याचा इशारा गेला होता. त्यानंतर वैतागून कित्येकांनी इशारे बंद केले. ते करू नका. रात्री फोन सायलेंट करायची सवय असेल तर आपत्कालीन इशारे त्यातूनही वाजतात का, हे सेटिंगमध्ये पाहा. पोलीस गाडीचा वर-खाली होणारा दोन सुरांचा भोंगा कॅलिफोर्नियात घर सोडण्यासाठीच वाजवतात. तो मुलांना आणि आई-बाबांना यूट्यूबवर ऐकवून ठेवा.

आई-बाबांसाठी फ्रिजवरचा कागद

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवायला सांगेन. आपल्या घरात दुपारी अकरा ते चार कोण असतं? भारतातून आलेले आई-बाबा. त्यांना गाडी चालवता येत नाही, शेजारी नावाने माहीत नाहीत, फोनवर आलेला इंग्रजी इशारा त्यांना जाहिरात वाटतो. त्यांच्या फोनमध्ये इथलं सिम घाला आणि मोठ्या मराठी अक्षरांत एक कागद फ्रिजवर लावा. साधारण असा:

१. फोन कर्कश वाजला, भोंगा ऐकू आला किंवा धुराचा वास आला, तर आम्हाला व्हॉट्सॲपवर ‘धूर’ एवढंच लिहून पाठवा. फोन लावत बसू नका.
२. गॅस बंद. देवापुढचा दिवा शांत करा.
३. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र, औषधांचा डबा, निळं पासपोर्टचं पाकीट.
४. मांजर बाथरूममध्ये घालून दार लावा. पिंजरा दारामागे आहे.
५. समोरच्या घरातल्या बाई तुम्हाला गाडीतून नेतील. त्यांना सगळं सांगून ठेवलंय. त्यांच्याबरोबर जा.
६. आमची वाट बघू नका.

सहावी ओळ सगळ्यात महत्त्वाची. मुलगा येतो म्हणाला होता म्हणून दारात थांबणारे आई-बाबा मला अगदी समोर दिसतात. मुलगा फ्रीवेवर अडकलेला असेल आणि पोलीस त्याला वस्तीत शिरूही देणार नाहीत. म्हणून पाचव्या ओळीसाठी आजच शेजाऱ्यांशी बोला. संकोच वाटतो, पण अमेरिकन शेजारी असलं काम मनापासून करतात. आई-बाबांना घेऊन एकदा त्यांच्या दाराची घंटा वाजवून या, ओळख करून द्या.

गराजचं दार ही दुसरी अडचण. वणव्याच्या आधीच वीज जाते, कधी वीज कंपनीच वारा पाहून ती बंद करते. २०१७ च्या आगीत गराजचं दार न उघडल्याने लोक आत अडकले, म्हणून जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या यंत्रांना बॅटरी सक्तीची झाली. तुमचं यंत्र जुनं असेल तर वर रुळावरून लोंबणारी लाल दोरी शोधा. दार बंद असताना ती खाली ओढा, खट् आवाज होतो, मग दोन्ही हातांनी दार उचला. बाबांकडून एकदा करून घ्या. त्यांच्याने उचललं गेलं नाही तर त्यांनी पुढच्या दाराने बाहेर पडायचं, हेही तेव्हाच ठरवा.

मुलांच्या शाळेच्या इमर्जन्सी कार्डवर आजी-आजोबांचं आणि जवळ राहणाऱ्या दोन मित्रांचं नाव घाला. कार्डवर नाव आणि हातात फोटो असलेलं ओळखपत्र असल्याशिवाय शाळा मूल कोणाच्याही ताब्यात देत नाही. शाळा रिकामी केली तर मुलांना ठरलेल्या ठिकाणी नेतात. ते ठिकाण विचारून ठेवा आणि थेट तिथेच जा.

पिशवीत काय

कॅल फायर या राज्याच्या अग्निशमन विभागाच्या यादीत माणसं आणि प्राणी, कागदपत्रं, औषधं-चष्मे, फोटो, संगणकातली माहिती, कार्डं आणि रोकड असं सगळं आहे. ती यादी चांगली आहे, मी आपल्या घरांपुरती भर घालतो.

औषधं भारतातून आणलेली असतात आणि इथला फार्मसिस्ट भारतीय डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सहसा देत नाही. त्यामुळे निदान आठवड्याचा वेगळा साठा पिशवीतच राहू द्या आणि ब्रँडखाली मूळ औषधाचं नाव लिहा. भारतातलं पॅरासिटामॉल इथे ॲसिटामिनोफेन नावाने मिळतं, हे आजींना ठाऊक असायचं कारण नाही. इन्सुलिन फ्रिजमध्ये असेल तर बर्फाची पिशवी आणि छोटा कूलर त्याच कप्प्याजवळ ठेवा. पासपोर्ट, व्हिसाचं पान, आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद), ओसीआय कार्ड, मुलांचे जन्मदाखले आणि प्रवासी विमा यांचे फोटो स्वतःला ईमेल करा. घरातल्या प्रत्येक खोलीत फिरून, कपाटं उघडून एक व्हिडिओ काढा आणि क्लाउडवर टाका. विम्याचा दावा करताना त्याचा फार आधार होतो.

दागिने बँकेच्या लॉकरमध्ये जाऊ द्या. देवघरातलं काय न्यायचं हे आईलाच विचारा आणि एक छोटी डबी तिच्या हाती द्या: डबीत बसतील तेवढे देव. आयत्या वेळी ही चर्चा फार दुखरी होते आणि तेव्हा प्रत्येक मिनिट हवं असतं.

पिशवीवर प्रत्येकाचे एक जोडी सुती कपडे, लांब बाह्यांचे, आणि बंद बूट. पॉलिस्टरचा कुर्ता किंवा नायलॉनची साडी ठिणगीने वितळून अंगाला चिकटते. एन ९५ मास्क, पाणी, टॉर्च.

मांजर, कुत्रा, पोपट

घर सोडायला उशीर कशामुळे होतो, तर बऱ्याच घरांत मांजर सापडत नाही म्हणून. वातावरणातला ताण त्याला माणसाआधी कळतो आणि ते पलंगाखालच्या सगळ्यात आतल्या कोपऱ्यात जातं.

पिंजरा माळ्यावरून आजच खाली आणा. तो कायम बाहेर, उघडा राहू दे, आत त्याचा जुना टॉवेल, अधूनमधून खाणंही आतच. महिन्याभरात ते आपणहून आत झोपायला लागेल. जोराच्या कोरड्या वाऱ्याचा ‘रेड फ्लॅग वॉर्निंग’ इशारा नॅशनल वेदर सर्व्हिसने दिला की मांजर बाथरूममध्ये हलवा, जिथे लपायला पलंग नाही. वर्तमानपत्र, पाणी, वाळूचा ट्रे. मग निघायचं ठरलं की दोन मिनिटांत पिंजऱ्यात. अगदीच आत जाईना तर उशीचा अभ्रा वरून घाला, तोंड हाताने धरा. त्याला आवडणार नाही, पण जीव वाचेल.

कुत्र्याला गाडीतही पट्टा आणि हार्नेस ठेवा. धुरात, भोंग्यात घाबरलेला कुत्रा दार उघडताच पळतो. पोपट आणि इतर पक्ष्यांची फुप्फुसं धुराला फार नाजूक असतात, त्यांना वॉर्निंगच्याही आधी हलवा.

मायक्रोचिप असून उपयोग नाही, नोंदणीवर तुमचा आजचा नंबर हवा. बऱ्याच चिपवर जुन्या अपार्टमेंटचा पत्ता पडून असतो. रेबीज लसीचा दाखला आणि तुम्ही व प्राणी एकत्र असलेला फोटो फोनमध्ये ठेवा, मालकी सिद्ध करायला तो लागतो.

२००५ च्या कट्रिना वादळात कित्येकांनी प्राण्यांना सोडून यायला नकार दिला. त्यानंतर २००६ च्या केंद्रीय कायद्याने आपत्तीच्या योजनेत पाळीव प्राण्यांचा विचार करणं बंधनकारक झालं. म्हणून प्रत्येक निवाऱ्यात मांजर आत घेतीलच असं मात्र नाही. बहुधा शेजारच्या इमारतीत किंवा काउंटीच्या प्राणीगृहात सोय असते. ईटन आगीच्या वेळी पॅसाडेना ह्युमेन या संस्थेने शेकडो प्राणी ठेवून घेतले. प्राणी चालणारी दोन हॉटेलं आणि ज्यांच्या घरी कोणाला ॲलर्जी नाही असा एक मित्र, ही नावं आधी हेरून ठेवा.

तुम्ही ऑफिसात आणि प्राणी घरात अडकलाय, रस्ता बंद. तर पोलिसांची नाकेबंदी तोडून आत घुसू नका. ज्या शेजाऱ्याकडे किल्ली आहे त्याला सांगा, नाहीतर काउंटीच्या ॲनिमल सर्व्हिसेसला पत्ता, प्राणी कुठल्या खोलीत आहे आणि आत शिरायला तुमची परवानगी आहे, हे कळवा. बंद भागात जाऊन प्राणी आणायचं काम तेच करतात.

निरोप एकाच ठिकाणी

आग लागली की सगळे एकमेकांना फोन करतात आणि कोणालाच लागत नाही. टॉवरही जळतात. घरातल्या प्रत्येकाने एकाच माणसाला मेसेज करायचा, आणि तो माणूस दुसऱ्या राज्यातला असू दे, न्यू जर्सीतला मावसभाऊ, टेक्सासमधली मैत्रीण. मेसेज तीन गोष्टींचा: कोण कोण आहे, कुठून निघालो, कुठे चाललो. पुण्या-नागपूरला कळवायचं काम त्याच व्यक्तीचं. टीव्हीवर ज्वाळा बघून भारतातून फोनांचा पाऊस पडतो. माया असते त्यात, पण तुमची बॅटरी संपते.

वॉर्निंग आली, आता तासाभरात

रेड फ्लॅगच्या दिवशी पेट्रोलची टाकी निम्म्याच्या वर आणि इलेक्ट्रिक गाडी पूर्ण चार्ज असेल, गाडी तोंड बाहेर करून उभी असेल, तर हा तास पुरतो. आधी माणसं आणि प्राणी गाडीत, मग सामान. शक्य असेल तर आई-बाबा, मुलं आणि मांजर पहिल्या गाडीने काढून द्या, घर आवरायला मागे एक सुदृढ माणूस आणि दुसरी गाडी राहू दे.

मागे राहणाऱ्याने खिडक्या-दारं बंद करायची पण कुलूप घालायचं नाही. पडदे काढून टाकायचे, सोफे-खुर्च्या खोलीच्या मध्यावर ओढायच्या, गॅस मीटरवर बंद करायचा, दिवे चालू ठेवायचे म्हणजे धुरात बंबवाल्यांना घर दिसतं. भिंतीला टेकलेली पायपुसणी, बागेतल्या खुर्च्यांच्या गाद्या, केरसुण्या लांब फेकायच्या. भिंतीलगतच्या पाच फुटांत जळणारं काही नसणं हाच घराचा मोठा बचाव. नळ आणि स्प्रिंकलर मात्र चालू सोडून जायचं नाही. शेकडो घरांनी तसं केलं की बंबाच्या पाण्याचा दाब पडतो. एवढं झालं की निघायचं, छतावर पाणी मारत थांबायचं नाही.

बाहेर पडायच्या दोन वाटा आधी गाडीने फिरून ठेवलेल्या असाव्यात, एक नेहमीची आणि एक आडवळणाची. पॅराडाइजमध्ये स्कायवे रस्ता तुंबला, लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागात सनसेट बुलेव्हार्डवर लोक गाड्या सोडून चालत सुटले आणि मग बुलडोझरने गाड्या बाजूला ढकलाव्या लागल्या. पोलीस सांगतील तो रस्ता घ्या, गूगल मॅप्स काही सांगो. आगीने गाठलंच तर झाडांपासून दूर, मोकळ्या जागी गाडी थांबवा, काचा आणि हवेची झडप बंद, हेडलाइट चालू, सगळ्यांनी खाली वाकून लोकरी ब्लँकेट अंगावर घ्यायचं. गाडीतच राहायचं.

ज्यांच्या घरी लोक येतात त्यांच्यासाठी

‘या, घर तुमचंच आहे’ हे आपण लगेच म्हणतो आणि ते खरंही करतो. आलेल्यांना एक खोली पूर्ण द्या, दार लावता येईल अशी. मांजर त्याच खोलीत, तुमच्या कुत्र्यापासून लांब. टीव्हीवर तेच दृश्य दिवसभर चालू ठेवू नका. मुलांच्या कानावर ‘आपलं घर गेलं का’ हा प्रश्न प्रौढांच्या फोनवरून पडू नये. आणि ‘वस्तूच होत्या, माणसं वाचली ना’ असं म्हणू नका. तेवढं त्यांना कळतं. जेवण द्या, कपडे धुवायला मशीन दाखवा, विम्याच्या फोनवर होल्डवर बसायचं काम तुम्ही घ्या.

तुम्हाला घर सोडावं लागलं नाही, फक्त धूर आलाय, तरी आजी-आजोबांचा दमा आणि लहान मुलं लक्षात घेऊन एअरनाऊ या सरकारी वेबसाइटच्या नकाशावर हवा बघा. एक खोली निवडा, खिडक्या बंद, एसी आतलीच हवा फिरवेल असा. एअर प्युरिफायर नसेल तर बॉक्स फॅनला मर्व्ह १३ दर्जाचे (बारीक कण अडवणारे) फिल्टर चिकटपट्टीने लावून घरीच तयार होतो. फोडणी, तळण आणि उदबत्ती त्या दिवसांत बंद, कारण तीही त्याच हवेत भर घालतात.

परत आल्यावर

ऑर्डर उठल्याचं अधिकृतपणे कळेपर्यंत जाऊ नका. घर उभं असलं तरी राखेत रंग, प्लॅस्टिक, बॅटऱ्या जळलेल्या असतात. आधी फक्त मोठ्यांनी जायचं, एन ९५, हातमोजे, बंद बूट. राख झाडायची नाही, लीफ ब्लोअर तर मुळीच नाही. पाणी शिंपडून ओल्या फडक्याने काढायची. वीज गेलेल्या फ्रिजमधलं सगळं टाकायचं, लोणचंसुद्धा मोह न धरता.

पाण्याबाबत सावध राहा. सांता रोझा आणि पॅराडाइजमध्ये आगीनंतर नळाच्या पाण्यात बेन्झिन हे विषारी रसायन सापडलं होतं. असं पाणी उकळून सुरक्षित होत नाही. ‘पिऊ नका’ अशी सूचना असेल तर उकळलेलं पाणीही चहाला, कुत्र्याच्या भांड्याला किंवा बाळाच्या दुधाला नको.

विमा कंपनीला पहिल्याच दिवशी कळवा आणि ‘ॲडिशनल लिव्हिंग एक्स्पेन्सेस’ किती आहे ते विचारा. हॉटेल, जेवण, प्राण्यांची सोय यांचा जादा खर्च त्यातून मिळू शकतो, भाडेकरूंच्या विम्यातही. प्रत्येक पावती फोनने टिपून ठेवा. फेमाची (केंद्रीय आपत्ती मदत संस्थेची) रोख मदत नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि कायद्यात नमूद काही गटांपुरती असते, एच-१बीवाल्यांना स्वतःच्या नावावर मिळत नाही. मात्र घरात अमेरिकेत जन्मलेलं अठरा वर्षांखालचं मूल असेल तर आई-वडील त्याच्या नावाने अर्ज करू शकतात. अर्जाला मुदत असते, ती पहिल्याच आठवड्यात बघा. निवारा, अन्न, तातडीची मदत यांसाठी व्हिसा विचारत नाहीत, आई-बाबांनाही ती मिळते.

मांजर हरवलं असेल तर लवकर आशा सोडू नका. कॅम्प फायरनंतर मांजरी महिन्यांनी सापडल्या, जळलेल्या घराच्या आसपासच. परवानगी मिळाली की संध्याकाळी जाऊन खाणं आणि तुमचा न धुतलेला शर्ट जुन्या दाराशी ठेवा. फक्त आपल्याच नाही, शेजारच्या काउंटींच्या प्राणीगृहांतही फोटो द्या आणि दर दोन-तीन दिवसांनी स्वतः जाऊन बघा, कारण भाजलेलं, केस जळलेलं मांजर फोटोवरून दुसऱ्याला ओळखू येत नाही.